वैशाखांत लोंकर कशाला?

आपल्याकडे एखादी चाल एकदां पडली कीं ती कां पडली हें विचारण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. मुलींना विणकाम शिकविण्याची चाल अशांपैकींच आहे. शाळांना उन्हाळ्याची सुटी लागते, तेरा-चौदा वर्षांची मुलगी दिवसभर मोबाइल घेऊन बसलेली दिसते, आणि घरांतील वडीलधाऱ्या माणसांना तिच्या हातांना वळण लावण्याची एकाएकीं आठवण होते. मग दोन सुया येतात, लोंकरीचे चार गुंडे येतात आणि स्वेटराला आरंभ होतो. बाहेर नागपुरास पारा ४५ अंशांकडे चाललेला असतो, मुंबईस अंगावरचा घाम वाळत नाहीं, पुण्यास दुपारीं पंख्याखालींहि चैन पडत नाहीं. आणि आमची विद्यार्थिनी मांडीवर लोंकरीचें ओझें घेऊन डिसेंबरांतील थंडीची तरतूद करीत असते! आठ दिवसांनीं तें विणकाम पिशवींत जातें, पिशवी कपाटांत जाते, आणि ‘हल्लींच्या मुलांना चिकाटी म्हणून नाहीं’ असा निकाल घरांत लागतो.

हा निकाल मला मान्य नाहीं. दोष मुलीच्या चिकाटीचा नसून तिला काम निवडून देणाऱ्यांचा आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें : आपल्या हवेंत मुलामुलींनीं विणकामाचा पहिला टांका सुताचा घालावा, लोंकरीचा घालूं नये. पहिलें काम लहान, चौकोनी आणि पुरें होतांच घरांत वापरतां येईल असें असावें; आणि तें पहिल्या टांक्यापासून शेवटच्या टांक्यापर्यंत त्या मुलाच्याच हातचें असावें. या गोष्टी दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु त्यांच्या उलट वागून आपण दर सुटींत कितीएक मुलांना ‘माझ्या हातून कांहीं तडीस जात नाहीं’ हा धडा देत असतों, आणि तो धडा विणकामापुरता राहत नाहीं. महाविद्यालयांत शिकवितांना मला अर्धवट टाकलेले निबंध, अर्धवट सोडलेले अभ्यासक्रम आणि आरंभशूर विद्यार्थी नित्य भेटतात. त्या सर्वांचें मूळ लोंकरींत आहे असें मी म्हणणार नाहीं. पण काम झेपेल एवढें घ्यावें व घेतलेलें पुरें करावें, ही संवय ज्या वयांत लागावयाची त्या वयांत आपण तिच्या आड येतों, एवढें मात्र खास.

प्रथम साधा हिशेब पाहूं. मध्यम जाडीची लोंकर घेतली तर विणलेल्या कापडाच्या १० सेंटिमीटर रुंदींत सुमारें २० टांके व तितक्याच उंचींत सुमारें २८ ओळी बसतात. छातीचा घेर ९० सेंटिमीटर आणि उंची ६० सेंटिमीटर असा बेताचा स्वेटर धरला, तर घेरांत १८० टांके आणि उंचींत १६८ ओळी होतात. म्हणजे बाह्या सोडून नुसत्या अंगाचेच तीस हजारांवर टांके झाले. नवशिक्याचा हात मिनिटाला दहा टांके चालतो असें धरलें, तर हें पन्नास तासांचें काम आहे. बाह्या, गळा, जोडणी आणि चुकलेलें उसवून पुन्हां विणणें हें सारें त्याशिवाय.

आतां दुसरें काम घ्या. साडेचार मिलिमीटर जाडीच्या सुया, जाडसर सुती दोरा, ३६ टांके. सर्व ओळी सुलट विणावयाच्या, आणि ७२ ओळी झाल्या कीं टांके बंद करावयाचे. सुमारें २० सेंटिमीटरांचें चौरस फडकें तयार होतें. या विणींत दोन ओळींचा मिळून एक कंगोरा उठतो, आणि कंगोऱ्याची उंची साधारणतः टांक्याच्या रुंदीइतकी असते. म्हणून टांक्यांच्या दुप्पट ओळी घातल्या कीं मोजपट्टीवांचून चौरस साधतो. एकूण टांके २,५९२. त्याच गतीनें काम केलें तर साडेचार तासांच्या आंत संपतें. मुलगी दोनतीन दुपारींत तें पुरें करील, आणि चौथ्या दिवशीं त्याच फडक्यानें ओटा पुसला जाईल. एकीकडे पन्नास तासांचें अनिश्चित भविष्य, दुसरीकडे साडेचार तासांत हातीं येणारें फळ. तेरा वर्षांच्या जिवाला यांपैकीं काय द्यावें, हें ठरविण्यास मानसशास्त्राचे ग्रंथ उघडण्याची गरज नाहीं.

लोंकरीचा प्रश्न केवळ कामाच्या आकाराचा नाहीं, पदार्थाचाहि आहे. मेंढीच्या लोंकरीचा केस उपजत नागमोडी असतो. त्या वळणांमध्यें हवा कोंडून राहते, आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजीं वाट देत नाहीं. म्हणून लोंकर उबदार. ती घामाची वाफ सुतापेक्षांहि अधिक शोषते, तेव्हां तिला नांवें ठेवण्याचें मला कारण नाहीं. धनगराच्या मेंढीची लोंकर आणि तिचें घोंगडें यांनीं आपल्या शेतकऱ्याला पावसांत व थंडींत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलें आहे. परंतु ऊब धरणें हा जिचा मुख्य गुण, ती वस्तु वैशाखाच्या दुपारीं मुलाच्या मांडीवर ठेवणें यांत कोणतें शहाणपण? शिवाय आपल्या पेठांतून ‘लोंकर’ म्हणून जें विकत मिळतें, तें पुष्कळदां मेंढीनें कधीं पाहिलेलेंहि नसतें. तें अॅक्रिलिक असतें, म्हणजे खनिज तेलापासून रसायनांच्या साहाय्यानें बनविलेला तंतु. साधारण हवेंत १०० ग्रॅम कोरडें सूत सातआठ ग्रॅम पाणी सहज शोषून ठेवतें; अॅक्रिलिक जेमतेम दीडदोन ग्रॅम. घामेजलेल्या बोटांत असला धागा सरकतो, चिकटतो, सुईवर करकरतो, आणि मुलीला वाटतें कीं आपलेच हात अडाणी आहेत.

याउलट सूत ओलें झालें कीं त्याचें बळ वाढतें. लोंकरीचें कमी होतें. सुती फडकें घासा, पिळा, कडक उन्हांत वाळत घाला, उकळत्या पाण्यांत टाका, तें कुरकुरत नाहीं. घरांत दिवसांतून दहा वेळां हातीं येणारी वस्तु या उन्हाळ्याच्या देशांत कशाची असावी, याचें उत्तर त्या धाग्यानें स्वतःच देऊन ठेवलें आहे.

‘विणकाम म्हणजे लोंकर’ हें समीकरण तरी मुळांत कितपत खरें आहे? सुयांवर टांके घालून विणलेल्या कापडाचे जे सर्वांत जुने अवशेष आज उपलब्ध आहेत ते इंग्लंडांतले नाहींत कीं स्कॉटलंडांतलेहि नाहींत. ते इजिप्तांतले आहेत. अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे हे बहुतेक पायमोज्यांचे तुकडे असून त्यांपैकीं पुष्कळ निळ्या-पांढऱ्या सुताचे, म्हणजे कापसाचे आहेत. नाईल नदीच्या कांठीं, आपल्याइतक्याच कडक उन्हांत, सुतावर वाढलेली ही कला पुढें युरोपांत गेली. तेथें थंडीहि होती आणि मेंढ्याहि होत्या, म्हणून तेथें ती लोंकरीची झाली. एकोणिसाव्या शतकांत ती युरोपियनांच्या सहवासानें, विशेषतः मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून, आपल्याकडे पसरली, आणि येतांना त्यांचें हवामान बरोबर घेऊन आली. आपण तें हवामान अजून जपून ठेवलें आहे! ज्या देशांत मोहेंजोदडो येथें चार हजार वर्षांहून जुने सुती कापडाचे अवशेष चांदीच्या भांड्याला चिकटलेले सांपडतात असें आपण मुलांना इतिहासांत पढवीत होतों व आहों, ज्या गुजरातेचें ठशांचें सुती कापड जुन्या कैरोच्या उकिरड्यांतून निघतें, ज्या वऱ्हाडांत काळ्या जमिनीवर पांढरें सोनें पिकतें, त्या प्रदेशाच्या वारसांनीं ‘विणावयाचें म्हणजे लोंकर हवी’ असें समजावें, ही परवशता नव्हे तर काय?

आज या परवशतेला नवें साधन मिळालें आहे. मुलें विणकाम शिकतात तीं आजीपेक्षां मोबाइलवरील चलच्चित्रें पाहून. हीं चलच्चित्रें पुष्कळशीं थंड देशांतलीं असतात. त्यांतील नवशिक्याचा पहिला पाठ म्हणजे गळपट्टा किंवा कानटोपी. कॅनडांतल्या मुलीला तो पाठ योग्यच आहे. तिला ती टोपी दुसऱ्या दिवशीं घालावयाची असते. चिपळूणच्या मुलीनें ती कोठें घालावी?

या प्रतिपादनावर जाणते लोक एक आक्षेप घेतात आणि तो विचार करण्यासारखा आहे. ते म्हणतात, लोंकर ताणली जाते व पुन्हां पूर्ववत् होते. म्हणून नवशिक्याचा हात कधीं घट्ट, कधीं सैल चालला तरी ती त्याचे दोष पोटांत घालते. सुताला ताण नाहीं. त्यांत प्रत्येक वेडावांकडा टांका उघडा पडतो, आणि बोटेंहि लवकर दुखतात. यांतील वस्तुस्थिति खरी आहे. अनुमान चुकीचें आहे. बोटें दुखतात तीं टांके आवळून घातल्यामुळें. जाड सुई द्यावी, टांके सैल घालण्यास सांगावें, एका वेळीं अर्ध्या तासाहून अधिक बसूं देऊं नये, कीं ही तक्रार पुष्कळशी मिटते. दोरा फुटून त्याच्या पदरांत सुई शिरत असेल तर बोथट टोंकाची सुई घ्यावी. राहतां राहिला दोष दिसण्याचा प्रश्न. दोष दिसला तर बिघडलें काय? वांकडा टांका ओटा पुसण्याच्या आड येत नाहीं. पहिल्या फडक्यावर दिसलेला दोष दुसऱ्या फडक्यावर कमी झालेला मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतो. शिक्षकाच्या शाबासकीवांचून ज्याला आपली प्रगति पाहतां येते, त्या विद्यार्थ्याला आणखी काय हवें? दोष पोटांत घालणारें साधन शिकणाऱ्याचा मित्र असतें, हा समज मी पुष्कळ वर्षें ऐकत आलों आहें. वर्गांत त्याचा प्रत्यय मला क्वचितच आला.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. पुसण्याचें फडकें दुकानांत थोड्या पैशांत मिळतें. त्यापायीं मुलाचे चार तास कां दवडावे? या न्यायानें सायकल असलेल्या घरांत मुलाला चालावयास शिकवूं नये! फडकें हा या शिक्षणाचा लाभ नव्हे, ती त्याची पावती आहे. लाभ निराळाच आहे. आपण सर्व जण अंगावर जो बनियन किंवा टी-शर्ट घालतों, तें यंत्रावर केलेलें सुती विणकामच होय. विल्यम ली या इंग्रजानें १५८९ सालीं मोजे विणण्याचें यंत्र रचलें, त्या विद्येची वाढ होत होत आज तिरुपूरसारखीं शहरें तिच्यावर जगत आहेत. बनियनच्या उजव्या बाजूकडे भिंग लावून पाहिलें तर एकावर एक बसलेल्या बाणांच्या टोंकांसारखे सुलट टांके दिसतात. ज्या मुलानें एक फडकें विणलें आहे, त्याला बनियन ताणला कां जातो आणि धोतर कां ताणलें जात नाहीं, एक टांका सुटला कीं शिडीसारखी उसवण कां लागते, हें सांगावें लागत नाहीं. तें अंगावरचें कापड वाचूं लागतें. चार तासांत इतकी दृष्टि देणारा दुसरा पाठ कोणत्या शिकवणीवर्गांत मिळतो?

पहिल्या चौकोनापुढें काय, असें कोणी विचारील. दुसरें फडकें कोपऱ्यापासून विणावें. चार टांक्यांनीं आरंभ करून दर ओळींत एक टांका वाढवीत जावें, ४४ झाले कीं दर ओळींत एक कमी करीत पुन्हां चारांवर यावें. वाढविणें आणि कमी करणें या दोन क्रिया आल्या कीं विणकामांतील बहुतेक आकार हातीं आले. तिसरें काम भाजीची जाळीदार पिशवी. सुईवर दोऱ्याचा एक आडवा फेर घ्यावयाचा आणि लगेच दोन टांक्यांचा एक करावयाचा, म्हणजे टांक्यांची संख्या तीच राहून मध्यें छिद्र पडतें; हीच जाळी. सुती वीण ओझ्यानें लोंबते व लोंकरीसारखी मागें येत नाहीं, हा तिचा दोष म्हणून सांगतात; पण पिशवींत तोच गुण ठरतो. रिकामी असतांना मुठींत मावते, भरली कीं दोन किलो कांदे पोटांत घेते. वस्तूचा स्वभाव ओळखून तिला काम द्यावें, हें शहाणपण मुलानें या पिशवीपासून शिकावें. त्यानंतर हवा असल्यास बिनबाह्यांचा सुती झगा विणावा, आणि मग ज्याला हौस असेल त्यानें दिवाळीनंतर खुशाल लोंकर घ्यावी. तोंवर हात तयार झालेले असतील, आणि हवाहि.

जाड सूत लहान गांवीं मिळत नाहीं ही अडचण खरी. पण ती दुस्तर नाहीं. क्रोशाच्या कामाचा बारीक सुती दोरा बहुधा सर्वत्र मिळतो. त्याचे तीनचार पदर एकत्र धरून विणावें. तेंहि नको असेल तर जुने बनियन आडवे कापून त्यांच्या लांब पट्ट्या कराव्या, त्या हलकेच ओढल्या कीं कडा आंत वळून दोरीसारखा जाड धागा होतो. तो खूप जाड सुयांवर विणला कीं पायपुसणें होतें. खर्च शून्य.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. वर मी ‘मुलगी’ असें पुनःपुन्हां लिहिलें, तें आजच्या चालीला अनुसरून. माझ्या मताला अनुसरून नव्हे. सुई बायकांच्या हातांत शोभते असें म्हणणाऱ्यांनीं प्रथम नामदेव महाराजांचा धंदा कोणता होता तें आठवावें, आणि मग कबिराचा. आपल्याकडील शिंपी, साळी, कोष्टी पुरुषांनीं शतकानुशतकें घर चालविलें तें धाग्यावरच. पेरू देशांत टितिकाका सरोवरांतील ताकीले बेटावर सुयांवरचें विणकाम हें पुरुषांचें काम आहे, स्त्रिया मागावर विणतात. तेथील मुलगे लहानपणींच विणूं लागतात, आणि त्या कलेचा २००५ सालीं युनेस्कोनें गौरव केला. स्टुटगार्ट येथें १९१९ सालीं निघालेल्या वॉल्डॉर्फ शाळेपासून जो शिक्षणाचा संप्रदाय चालत आला आहे, त्यांत मुलगे व मुली दोघांनाहि अगदीं खालच्या इयत्तेंतच सुया देतात. आपल्या घरांत मात्र सुटींत मुलीला सुया आणि मुलाला चेंडू-फळी! ज्या मुलाला चौदाव्या वर्षीं शर्टाचें बटण लावतां येत नाहीं, तो विसाव्या वर्षीं वसतिगृहांत येतो तेव्हां त्याचे हाल आम्हांला दिसतात. त्याच्या मातोश्रींना दिसत नाहींत.

आणखी एक दुखणें आहे, आणि तें सर्वांत वाईट. शाळांतून कार्यानुभवाच्या नांवाखालीं ज्या वस्तु मांडल्या जातात, त्यांतील कितीएक वस्तु मुलांच्या आयांनीं, मावश्यांनीं किंवा दुकानदारांनीं केलेल्या असतात, हें गुपित राहिलेलें नाहीं. परीक्षकाला तें कळतें, शिक्षकाला कळतें, मुलाला तर सर्वांच्या आधीं कळतें. १९३७ सालीं वर्धा येथें गांधीजींनीं शिक्षणाची जी योजना मांडली, तींत हाताचा उद्योग हें शिक्षणाचें माध्यम असावें असा आग्रह होता. त्या योजनेशीं सर्वांशीं कोणी सहमत असो वा नसो. पण उद्योगाच्या द्वारें सत्य शिकवावें हा जिचा हेतु, तिच्या वारशांत आपण उद्योगाच्या द्वारें लबाडी शिकवूं लागलों, हा दैवदुर्विलास कोणालाहि टोंचावा. स्वेटरासारखें न झेपणारें काम दिलें कीं ही लबाडी अपरिहार्य होते. कारण मुलाला तें पुरें करणें शक्यच नसतें, आणि तारीख तर ठरलेली असते. मग आई रात्रीं जागून बाह्या विणते. साडेचार तासांच्या फडक्याला आईची गरज पडत नाहीं. तें ओबडधोबड होईल, एक कड दुसरीहून दोन बोटें लांब होईल, मधला एखादा टांका गळालेला असेल. पण तें खरें असेल. शिक्षकांनीं असें खरें फडकें पाहून पूर्ण गुण द्यावे आणि निर्दोष स्वेटराला शून्य, म्हणजे एका वर्षांत सर्व सुरळीत होईल.

तेव्हां यंदाच्या सुटींत ज्या घरांत सुया निघतील, त्या घरांतील मोठ्यांना माझी विनंति एवढीच. मुलाला किंवा मुलीला पावशेर सूत द्या, छत्तीस टांके घालून दाखवा, एक ओळ विणून दाखवा, आणि मग तेथून उठा. चूक दिसली तरी हात पुढें करूं नका. विचारल्यास सांगा, न विचारल्यास गप्प बसा. आणि फडकें तयार झालें कीं तें कांचेच्या कपाटांत ठेवूं नका, पाहुण्यांना दाखवूं नका. त्यानें ओटा पुसा.